सिनेमात न दिसलेले बाबा

इचोडा
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय मयू,

परवा तुझा फोन मी नीट पुरा होऊ दिला नाही. "गिऱ्हाईक आलंय" म्हणालो आणि ठेवून दिला. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. तू रडत होतीस, ते मला ऐकवेना. ऑफिसातल्या मैत्रिणींना एवढ्या कौतुकानं पुण्याच्या थेटरात घेऊन गेलीस, सिनेमा संपून दिवे लागेपर्यंत पडद्यावर बाप शोधत राहिलीस, आणि बाप कुठंच नाही. "बाबा, तुम्ही होतात तरी कुठे?" असं तू विचारलंस. मी म्हणालो, गर्दीत मागं असेन कुठंतरी. ते खोटं होतं. म्हणून आता सगळं लिहायला बसलोय. फोनवर तुझा आवाज बदलला की माझी जीभ अडते. कागदावर तसं होत नाही.

तुला मी अर्धवटच सांगितलं होतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मागच्या थंडीत दुकानासमोर एक जीप थांबली आणि तुझ्याएवढी एक मुलगी उतरली. हर्षाली तिचं नाव. सिनेमातल्या माणसांचे कपडे-दागिने बघायचं काम तिच्याकडे. निर्मलहून लाकडी खेळणी घेऊन ती भीमपूरकडे निघाली होती, तिथं पैनगंगेच्या काठी त्यांचं शूटिंग होतं. तिला काचेच्या, चमकी नसलेल्या जुन्या पद्धतीच्या बांगड्या पाहिजे होत्या. तुझ्या आईनं माळ्यावर ठेवलेल्या पेट्या मी उतरवल्या. आई गेल्यापासून त्या पेट्यांना कोणी हात लावला नव्हता. तुला ठाऊक आहे, बांगड्या विकणं माझं आणि भरणं तिचं. आता बाया पायरीपर्यंत येतात, आत डोकावतात, भरून द्यायला बाई नाही हे बघतात आणि बसस्टँडजवळच्या दुकानाकडे वळतात. मी रिबिनी, पिना, कंगवे विकतो. शटर उशिरा ओढतो, कारण ते ओढलं की त्या दिवसापुरतं बोलणं संपतं.

हर्षाली म्हणाली, काका, बांगड्या भरून द्यायलाही तुम्हीच चला. माझ्या हाताला ती कला नाही हे सांगूनही मी गेलो. खरं सांगू? कोणीतरी बोलावलं होतं, म्हणून गेलो.

सिनेमा केशवबुवा नावाच्या एका गवय्यावरचा. निजामाच्या काळातला. नदीकाठच्या खेड्यात कासाराच्या घरी जन्मला, हैदराबादेला गेला आणि मोठमोठ्या बंदिशी बांधल्या. त्याच्या आईचं काम करणाऱ्या बाईच्या मनगटात मी हिरव्या बांगड्या चढवत होतो. दोन फुटल्या, तरी ती बिचारी हात पुढं धरून बसली. दिग्दर्शक साहेब बाजूला उभे राहून बघत होते. बापाचं काम करणारा माणूस आजारी पडून मुंबईला परत गेला होता. साहेब म्हणाले, तुम्हीच का बसत नाही या जागेवर? कासाराचं काम कासारानं करायचं, त्यात काय एवढं, असं वाटून मी बसलो.

प्रसंग असा होता. आई गेल्याचं कळून केशवबुवा गावी येतो, पण उशिरा येतो. सगळं आटोपलेलं असतं. बाप त्याला भाकर आणि अंबाडीची भाजी वाढतो. पोरगा घास हातात धरून विचारतो, माय शेवटी काय म्हणाली? त्यावर बापानं म्हणायचं, "तुही वाट पाहत पाहत गेली." तेवढंच वाक्य मला पाठ करायला दिलं होतं.

मयू, ते माझ्या तोंडातून निघेना. पहिल्यांदा साहेबांना वाटलं मी विसरलो. हर्षालीनं कानात सांगितलं, तरी नाही. पोराचं काम करणारा तो मुंबईचा देखणा मुलगा घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलेला. शेवटी मी साहेबांना म्हणालो, "हे मले म्हणता येत नाही. असं कोणता बाप आपल्या पोराले सांगन? जल्मभर टोचत राहीन ते त्याले." साहेब चिडले नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले, मग तुम्ही बाप म्हणून काय सांगाल? मी म्हणालो, कॅमेरा लावा, सांगतो.

आणि मी त्या मुलाला सांगितलं, "तुही माय म्हणे, त्याचं गाणं चालू असन, नका बलावू त्याले. गाऊ द्या. हासत म्हणे ते. तू जेव आता."

तो मुलगा रडला. रडायचं असं कागदावर लिहिलेलं नव्हतं. रडत रडत त्यानं ती भाकर पुरी खाल्ली. मग कागदावरचं वाक्यही नंतर दुसऱ्या कोणाच्या आवाजात भरता यावं, म्हणून साहेबांनी नुसता माझा चेहरा वेगळा टिपून घेतला. कोणतं ठेवायचं ते नंतर बघू म्हणाले. पण संध्याकाळी निघताना त्या मुलानं माझे पाय धरले. हर्षाली म्हणाली, काका, हा प्रसंग सिनेमाचा जीव आहे. मी खुळ्यासारखा खरं धरून बसलो. तुला फोन करून म्हणालो, सिनेमा आला की नक्की बघ, मी कसा दिसतो सांग. आठवतं? तू हसलीस, म्हणालीस, बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागतायत.

तू बघितलास त्याच दिवशी मीही बघितला. शेजारच्या रामाजीनं त्याची गाडी काढली, आम्ही आदिलाबादला सकाळच्या खेळाला गेलो. नवीन सदरा घातला होता. सिनेमा सुरू झाला तो थेट हैदराबादेत. हवेली, झुंबरं, केशवबुवा तंबोरा लावत बसलेले. पडद्यामागून एक भारदस्त आवाज म्हणाला, आईवडील लहानपणीच वारले, संगीतानंच त्यांना वाढवलं. रामाजी अंधारात मोठ्यानं ओरडला, "अबे सुधाकर, तुले तं मारूनच टाकलं लेका!" पुढचे लोक वळून हसले. मीही हसलो. तरी शेवटपर्यंत बसून राहिलो, वाटलं, पुढं कधी आठवण म्हणून तरी दाखवतील. नदी नाही, घर नाही, हिरव्या बांगड्याही नाहीत. गाणी मात्र चांगली होती. परतीला रामाजीला आपल्या बोलण्याचं वाईट वाटलं असावं. गुडीहत्नूरच्या धाब्यावर गाडी थांबवून म्हणाला, चल, चहा घे.

दुसऱ्या दिवशी हर्षालीचा फोन आला. सिनेमा फार लांबला होता म्हणे, म्हणून गावाकडचा सगळा भागच काढावा लागला. तुमचा प्रसंग साहेबांनी सगळ्यात शेवटी काढला, मन घट्ट करून काढला, असं सांगताना तीच रडत होती. मी विचारलं, तेवढा तुकडा मोबाईलवर पाठवता येईल का? ती म्हणाली, तो आता कंपनीचा, मला हात लावता येत नाही काका. तिला मी उलट समजावलं. चांगली पोरगी आहे, सुखी राहो.

तुला वाटत असेल, बाबांना पडद्यावर दिसायची हौस होती, ती राहिली. हौस होतीच थोडी, नाही म्हणत नाही. गावात दोन-चार जण "हिरो" म्हणून हाक मारायला लागले होते, ते आता "स्वर्गवासी" म्हणतात. त्याचं मला हसू येतं. पण फोन ठेवल्यावर मी दुकानात बसून राहिलो, ते दुसऱ्याच कारणानं. तो प्रसंग मी तुझ्यासाठी केला होता.

आईला घेऊन आम्ही आदिलाबादच्या दवाखान्याकडे निघालो होतो तेव्हा तिनं तुला फोन लावला आणि तू तो कट केलास. हे मला ठाऊक आहे. तेरवीच्या दिवशी मागच्या अंगणात, न्हाणीजवळच्या दगडावर बसून तू मोबाईलमध्ये तोच फोन पुन्हा पुन्हा उघडून बघत होतीस. मी चहा घेऊन आलो होतो, तसाच मागे फिरलो. त्यानंतर तू घरी आलेली नाहीस. एका दिवाळीला रजा नव्हती, पाडव्याला तिकीट मिळालं नाही, उन्हाळ्यात प्रोजेक्ट होता. मिक्सर पाठवलास, कुकर पाठवलास, रोज जेवण झालं का विचारतेस. आईचं नाव मात्र ना तू काढतेस, ना मी. तेव्हा मयू, नीट ऐक. मी त्या मुलाला जे सांगितलं ते मनानं रचलेलं नव्हतं. तू फोन कट केल्यावर मी पुन्हा लावायला लागलो, तर तुझ्या आईनं माझा हात धरला. म्हणाली, "नका लावू तुमी. कामात असन ते. पाहा ना, मोठी झाली माही पोरगी, मायचा फोन कापते आता." आणि हसली. तिला दम लागत होता तरी हसली. रामाजी गाडी चालवत होता, त्यानंही ऐकलंय, पाहिजे तर त्याला विचार. मग पाणी प्याली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटले, ते कायमचेच. तिच्या मनात तुझ्याबद्दल कसलाच राग नव्हता, बाळा. हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तुझ्यासमोर तिचं नाव काढलं की मीच कोसळेन अशी भीती होती, म्हणून सिनेमावाल्यांच्या भरवशावर राहिलो. दिवाळीला ये. रजा नसेल तर नंतर ये. काही बोलायचं नसेल तर बोलू नको, नुसती ये. "मी मजेत आहे" असं मी रोज सांगतो ना, तसं नाही गं. मला एकट्याला इथं जमत नाही.

तुझाच,
बाबा