वर्षाच्या आत

॥ श्री ॥

अमरावती,
ता. १४-१२-६४

ती. सौ. ताईस विमलचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र येऊन आठवडा झाला. अभ्यास फार होता म्हणून उत्तराला उशीर झाला, असे लिहिणार होते. पण माझी थाप तुला पाकिटाबाहेरूनच कळते, म्हणून नाही लिहीत. उशिराला कारण काही नाही.

वसतिगृहात नाताळच्या सुट्टीची धांदल आहे. आमच्या रेक्टरबाई ख्रिस्ती आहेत. त्यांनी दारावर कागदाची चांदणी टांगली आहे आणि मुली आत्तापासून ट्रंका भरायला लागल्या आहेत. मी ट्रंक काढलेली नाही. ताई, या सुट्टीत मी इथेच राहिले तर तू रागावशील का? बाईंना विचारले, त्या राहा म्हणाल्या. परीक्षेचे वाचन होईल, आणि येण्याजाण्याचा त्रासही वाचेल.

खरे सांगायचे तर सोनाळ्याला जाऊन मी काय करू हेच मला समजत नाही. आषाढात तार आली आणि मी पोचले, तोवर सगळे आटोपले होते. बाबांना पाहिलेच नाही. अंगणात बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि मी कुणाच्या तरी ट्रंकेसारखी मधे उभी होते. दिवाळीतही तेच झाले. लोक मला रडवायला येतात आणि मला रडू येत नाही. तू म्हणशील, पोरगी दगड झाली. दगड नाही ग, पण आत काही हालत नाही एवढे खरे.

आईला पत्र लिहायला घेते तर मायन्यालाच अडते. सौ. लिहिता येत नाही आणि त्या जागी जे लिहायचे ते हाताने लिहवत नाही. म्हणून तुलाच लिहिते. तूच तिला काय ते कळव.

सासूबाईंच्या पायाचे प्लास्टर निघाले का? भावजींना नमस्कार, छोट्याला पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी,
विमल

॥ श्री ॥

सुलतानपूर,
ता. १८-१२-६४

चि. विमल हिस सत्यभामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पावले. वाचून आधी राग आला, मग पोळी करपली, मग पुन्हा राग आला. वसतिगृहात राहून काय भिंतींना पहारा देणार आहेस? मुकाट्याने गाडीत बस, शेगावला उतर आणि एस. टी. ने घरी जा. आईजवळ पंजाबकाका आहेत, मनकर्णाकाकू आहेत, हे मलाही ठाऊक आहे. पण भरल्या घरात माणूस एकटे असू शकते हे तुला कॉलेजात शिकवत नाहीत वाटते. मीच गेले असते. पण सासूबाई अजून खाटेवर आहेत. त्या खाटेवर आणि मी दिवसभर पायावर, असा आमचा संसार चालू आहे.

आता मुख्य बातमी. साखरखेर्ड्याचे नारायणराव म्हणून ह्यांच्या ओळखीचे आहेत. मुलगा मॅट्रिक झाला आहे, शेती पाहतो, व्यसन नाही. मी काकांना कळवले आणि काकांनी ते लगेच धरले. त्यांचे म्हणणे असे की घरातला कर्ता माणूस गेला की घरातले लग्न वर्षाच्या आत उरकावे. ते राहिले तर पुढे तीन वर्षे मांडव घालता येत नाही. आषाढाला वर्ष भरेल. म्हणून पौष लागायच्या आत पाहणे करून घ्यायचे आणि फाल्गुनात बार उडवायचा, असे त्यांनी ठरवले आहे. एक जानेवारीला मंडळी सोनाळ्याला येतील. तुझी सुट्टी नेमकी तेव्हाच आहे, हेही बरे झाले.

तू नाक मुरडशील, म्हणून आधीच सांगते की मुलाचे नाक सरळ आहे, मी स्वतः पाहून घेतले आहे. कॉलेज सुटेल, ते खरे. पण मी नाही का सातवीतून उठून संसाराला लागले? काही अडले नाही. आणि साखरखेर्डे आमच्याकडून सकाळी निघाले तर दुपारच्या जेवणाला पोचण्यासारखे. हुरड्याला, नागपंचमीला तू येशील, मी येईन. इथे मला माहेरचे म्हणावे असे एक माणूस नाही. हे मी कुणाजवळ बोलत नाही, तुला सांगते.

थंडी आहे, स्वेटर ट्रंकेत नको, अंगात घाल. ताईची आठवण ताजी ठेवून वरचेवर लिहीत जावे, हा आशीर्वाद.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

सोनाळा,
ता. २४-१२-६४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे घरी आले. स्वेटर अंगात होता.

मी एस. टी. तून उतरले तशा शेजारच्या बायका जमल्या. काकू गळ्यात पडल्या, त्यांच्यामागे आणखी दोघी. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी त्याच थांबल्या आणि एक जण दुसरीला म्हणाली की, शिकलेल्या पोरीचं असंच राह्यते, डोयातलं पानी कागदात जाते. मला हसूही आले नाही.

आई त्या घोळक्यात नव्हती. ती मागच्या पडवीत कापूस निवडत बसली होती. मी जवळ जाऊन बसले, तर तिने अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून आम्ही दोघी कापूसच निवडतो आहोत. ती बोलत नाही ग. म्हणजे जेवायला बस म्हणते, कंदील लाव म्हणते, पण बोलत नाही. काकू सांगत होत्या की बाबा गेल्यापासून तिने समोरच्या बैठकीत पाऊल टाकलेले नाही. कुणाचे शुभकार्य निघाले की ती आपणहून आत जाते.

काकूंनी विचारले, नाताळ म्हणजे कोनाचा सन हाय, त्याले काय करा लागते? मी सांगितले की आपल्याला काही करावे लागत नाही. त्या म्हणाल्या, मंग बरा हाय बाई. खरेच बरा आहे. पोळा, दसरा, दिवाळी, सगळे सण या वर्षी कडू गेले. प्रत्येक सणाला कुणी ना कुणी यायचे आणि तळण नको, गोड नको म्हणून आम्हाला आठवण करून द्यायचे. हा एकच सण असा आला की ज्याचे आपल्या घरात गोडही नाही आणि कडूही नाही. उद्या नाताळ. उद्याही कापूसच निवडायचा आहे.

काकांनी परवा विचारले. सरळ नाही, काकूंकडून विचारले, पण स्वतः दाराशी उभे राहून ऐकत होते. साखरखेर्ड्याची मंडळी एक तारखेला येतील, तर तुझे म्हणणे काय. मी हो म्हटले. भाजीत मीठ घालू का म्हटल्यावर म्हणावे तसे हो म्हटले. काकांचा चेहरा केवढा उजळला. बिचारे रोज दोन्ही शेते सांभाळतात, आमची काळजी वाहतात, त्यांना एक ओझे उतरल्यासारखे झाले असेल. आईला कुणी विचारले नाही. ती आत होती.

तेव्हा तुझ्या मनासारखे झाले. मला वाईट वाटत नाही. पुस्तके अमरावतीला राहिली आहेत, ती आणायला कुणाला तरी जावे लागेल, एवढे आठवणीने सांगायचे आहे. मुलाचे नाव तू लिहिले नाहीस आणि मीही विचारले नाही.

सर्वांना यथायोग्य. तिकडून इकडे लक्ष असू द्यावे.

तुझी,
विमल

॥ श्री ॥

सुलतानपूर,
ता. २७-१२-६४

तीर्थरूप आईचे चरणी सत्यभामाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडील सर्व ठीक. सासूबाई काठी घेऊन चार पावले टाकतात आणि चाळीस सूचना देतात. छोट्याला खोकला होता, ओव्याची पुरचुंडी शेकून आता उतार आहे.

आई, हे पत्र तुला विमलच वाचून दाखवील, कारण घरात दुसरे वाचणारे काकाच, आणि त्यांनी ते वाचावे असे मला वाटत नाही. तेव्हा विमे, आता नीट बस, मोठ्याने वाच आणि मधले काही गाळू नकोस. गाळलेस तर आईला तुझ्या आवाजावरून कळेल.

आई, साखरखेर्ड्याचे स्थळ मी सुचवले. चांगले आहे म्हणून सुचवले, पण त्यात माझा स्वार्थही होता. बहीण जवळ येईल, एवढेच मी पाहिले. काल विमलचे पत्र आले. तिने लिहिले आहे की मी हो म्हटले.

तूच सांग, या पोरीने जन्मात कशाला पहिल्या खेपेला हो म्हटले आहे? कासारीण यायची तेव्हा एका बांगडीसाठी ती सगळा हारा उपसायला लावायची. बाबांनी जत्रेतून पाटी आणली, तर हिने ती परत पाठवून चौकट लाल पाहिजे म्हणून दुसरी आणवली. अमरावतीला जायचे ठरले, तर दोन महिने बाबांशी भांडली, आणि बाबा भांडण हरले म्हणून गावभर हसत सांगत फिरले. आणि ती पोरगी नवऱ्याचे नावसुद्धा न विचारता हो म्हणते. आई, हे हो तिने म्हटलेले नाही. ती घरात नाहीच. कुणीही येऊन तिचा हात धरावा आणि घेऊन जावे, अशी ती बसली आहे. उद्या फाल्गुनात ती बोहल्यावरही तशीच उभी राहील, आणि मग कधीतरी, दोन मुले झाल्यावर, जागी होईल. तेव्हा मी तिला काय सांगू?

तिला सगळ्यांनी विचारले, पण तू विचारले नाहीस. तुला बोलवत नाही हे मला समजते. तरी एकदा बोल. तिचे हो खरे असेल तर मी नारायणरावांकडे स्वतः तिळगूळ घेऊन जाईन. खोटे असेल तर त्यांचा रुसवा मी इथे निस्तरीन, ह्यांच्याशी बोलून ठेवले आहे.

विमे, वाचून झाले असेल तर आता आईकडे बघ.

लेकीवर कृपाछत्र असू द्यावे, चरणी एवढेच मागणे.

तुझी,
सत्यभामा

॥ श्री ॥

सोनाळा,
ता. ३-१-६५

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तुझे पत्र एकतीस तारखेला दुपारी आले. मंडळी दुसऱ्या दिवशी यायची होती. काकूंनी माझ्यासाठी त्यांचे जांभळे लुगडे काढून ठेवले होते. आई पडवीतच होती. मी नेहमीसारखे मोठ्याने वाचायला घेतले, खोकल्यापर्यंत ठीक वाचले. तू माझे नाव घेऊन दटावलेस तिथे मी थांबले. आई म्हणाली, वाच.

मग वाचले सगळे. आपल्याच विषयी असे मोठ्याने वाचणे फार विचित्र असते. दुसऱ्या कुणा मुलीची हकिकत वाचते आहे असे वाटत होते आणि त्या मुलीची मला कीव येत होती. बाबा हसत फिरले तिथे मी अडले. मी पुन्हा सुरू करेपर्यंत आई नुसती थांबली.

वाचून झाल्यावर तिने विचारले, मनातून हाय का तुह्या? मी खरे ते सांगितले, की मला समजत नाही. हो असे वाटत नाही, नाही असेही वाटत नाही. काहीच वाटत नाही. आई म्हणाली, मले बी. एवढेच म्हणाली आणि उठली. डोक्यावरून पदर घेतला आणि सरळ बैठकीत गेली. मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. काका पान लावत होते, ते चटकन उभे राहिले.

आईने विचारले, भाऊजी, वर्षाच्या आत नाही केलं तं काय होते? काकांना वाटले तिला चालीरीत विचारायची आहे. त्यांनी समजावून सांगितले की, वहिनी, मंग तीन वर्षं लगन करता येत नाही. आई म्हणाली, करता येत नाही ना? मंग नका करू.

काकांना काही क्षण उमजलेच नाही. मग ते खूप बोलले. मंडळी उद्या येऊन राह्यली, मी शब्द देल्ला, पोरीचं वय निघून जाईन, मायले समजत नाही असं लोक म्हनतीन. त्यात खोटे काही नव्हते. आई सगळे ऐकून घेत होती. मग तिने जे सांगितले ते मी तुला जसेच्या तसे लिहिते. ती म्हणाली, भाऊजी, हे पोरगी शिकाव म्हणून त्याइनं तिले अमरावतीले पोचवून देल्लं. आता जाता जाता तीन वर्षं आनखी देऊन गेले, त्या वर्षाइत तिले कोनी मांगू बी शकत नाही. रीत तुमचीच हाय. त्याइनं देल्लेलं मी कोनाले वापस करू?

काका बसले. पानाचा चुना बोटावर तसाच वाळला. बऱ्याच वेळाने त्यांनी डोक्याला टोपी घातली आणि नारायणरावांना तार करायला बाहेर पडले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. पण आज सकाळी काकूंच्या तोंडून निरोप आला, की परवाच्या गाडीला शेगावपर्यंत ते स्वतः सोडायला येतील.

ताई, आनंद झाला का विचारशील तर नाही झाला. पण काका गेल्यावर मी पडवीत आले, आई पुन्हा कापसापाशी बसली होती, आणि मी तिला विचारले की बाबांनी शेवटी काय मागितले होते. सहा महिन्यांत मी हे कुणाला विचारले नव्हते. तिने सांगितले, पानी. मग मला रडू आले. बायका जमल्या नाहीत, आम्ही दोघीच होतो. ताई, बाबा गेले ग.

तू जवळ हवी होतीस. मी साखरखेर्ड्याला येणार नाही, म्हणजे तू तिथे पुन्हा एकटीच, हे मी विसरलेले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्खा महिना तुझ्याकडे येईन. तोवर या धाकटीला मनातून उतरू देऊ नये.

तुझी,
विमल

ता. क. : पाकीट चिकटवत होते तर आईने थांबवले. म्हणाली, माहे दोन शबुद लिही. सांगते तसे लिहिते.

सत्यभामा, तुले आशीर्वाद. आजोबा गेले तवा बी असंच वर्षाच्या आत म्हणून तुह्यं लगन उरकलं. तुह्यं सातवीचं पुस्तक खिडकीतच राह्यलं होतं. मी तवा बैठकीच्या दारापाशी उभी होती. मले ते पाऊल आत टाकता नाही आलं, बाई. तुले तीन वर्षं मी द्याले पाह्यजे होती.