बुंधे गेले, शेंडे राहिले

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच ओळीत तू ते भांडं पालथं केलंस. अण्णा दवाखान्यात होते तेवढ्यात पलंगाखालचा ‘तो पसारा’ जुन्या सामानवाल्याला देऊन टाकला, आता तिथे तुझ्या लेकीचं अभ्यासाचं टेबल कसं ऐसपैस बसलंय, असं लिहितोस. वर मला आनंद होईल अशी खात्रीही आहे म्हणे. दादा, मला इतका आनंद झाला की हातातला कप आदळला आणि त्याचा कान तुटला.

तो पसारा नव्हता रे. गळाच्या काठ्या होत्या त्या. कारखाना सुटला आणि अण्णांचं लेथ मशीन दुसऱ्याच्या हातात गेलं, तेव्हा ते कसे भिंतीकडे बघत बसायचे ते तू विसरलास, मी नाही विसरले. जुन्या बाजारातून मोडक्या काठ्या स्वस्तात आणायच्या, घासायच्या, दोरा गुंडाळायचा, व्हार्निश लावायचं, ह्या एका गोष्टीवर त्यांचा दिवस उभा आहे. तो दिवसच तू भंगारात दिलास.

आणि आता पुढचं नीट वाच. तू विकलंस त्या काठ्यासुद्धा नव्हेत. अर्ध्या काठ्या आहेत. अण्णा काठीचे दोन तुकडे कधी एकत्र ठेवत नाहीत. जाड बुंधे पलंगाखाली आडवे, आणि बारीक शेंडे न्हाणीघराच्या दाराआड कापडी पिशवीत टांगलेले, कारण आडवे ठेवले की शेंडे वाकतात. प्रत्येक जोडाची पितळी नळी त्यांनी स्वतः कानशीने घासून बसवलीय. ह्या शेंड्याला हाच बुंधा. दुसरा लावून बघ, एक तर आत जाणार नाही, नाहीतर खुळखुळेल. म्हणजे सामानवाल्याकडे बिनकामाचे बुंधे आणि घरात बिनकामाचे शेंडे! इतकी वर्षं त्या घरात राहतोस, रोज आंघोळीला जाताना ती पिशवी तुझ्या डोक्याला लागते, आणि आत काय आहे हे तू एकदाही बघितलं नाहीस?

बुंधे परत आण. कसे ते तुझं तू बघ. अण्णांना कळलं का, ते काय म्हणाले, ते उलट टपाली कळव.

वहिनीला नमस्कार. तिच्यावर राग नाही म्हणावं. तुझ्यावरचा लोभ सध्या मीही दाराआड टांगून ठेवलाय, हवा तेव्हा काढेन.

तुझी,
चिंगी


८ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पहिल्यांदा निम्म्यातच टाकून दिलं होतं. तुझ्या वहिनीने उचलून पुन्हा हातात दिलं म्हणून पूर्ण वाचलं.

तुला तिथे बसून लिहायला काय जातं? वर्षातून एकदा येतेस, दोन दिवस अण्णांशी गुलुगुलु बोलतेस आणि जाताना मला पंख्याला तेल घालायला सांगून जातेस. दोन खोल्यांत आम्ही चार माणसं आणि त्या काठ्या. जेवणाच्या ताटाला व्हार्निशचा वास. उशीवर पितळेचा कीस. पलंगाबाहेर हातभर आलेल्या त्या बुंध्यांना मी इतक्यांदा ठेचकाळलोय की माझी नडगी बघशील तर लिहायची हिंमत होणार नाही तुला. पोरगी ओट्यापाशी उभी राहून गणितं सोडवायची. तिला एक टेबल दिलं तर मी काय दरोडा घातला?

शेंडे-बुंध्यांचं मला ठाऊक नव्हतं, हे खरं. कोणी सांगितलं होतं मला? काठी बघायला अण्णा कायम तुलाच बोलवायचे. मी हात लावला की म्हणायचे, ठेव, मोडशील. मग मी कधी लावला नाही. आता त्याचाही दोष माझाच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी अर्धी रजा टाकून सामानवाल्याकडे गेलो. गठ्ठा आधीच गेलाय. त्याच्याकडे न खपणारा माल ट्रकने मोठ्या जुन्या बाजारात जातो, आणि तो बाजार तुझ्या गावात आहे, तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या मागे. तेव्हा मला शहाणपण शिकवण्यापेक्षा चपला घाल आणि जा.

अण्णांना मी खरं सांगितलेलं नाही. दवाखान्यातून आले त्या दुपारीच त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं की सगळ्या व्हार्निशला दिल्यात, एकाने फुकट करून देतो म्हटलं. ते बरं म्हणाले आणि कुशीवर वळले. डॉक्टरांनी महिनाभर वाकायला मनाई केलीय, तोवर ते पलंगाखाली बघणार नाहीत. तू त्यांना एक ओळ लिही की व्हार्निशवाला ओळखीचा आहे, काम चांगलं करतो. तुझं ते खरं मानतील. एवढं कर, मग मला हव्या तितक्या शिव्या घाल.

दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालतो मी त्यांच्या. तेही कधीतरी पत्रात येऊ दे.

कळावे, आणि जमलं तर जरा समजूनही घ्यावे.
दादा


१९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

थेंबांचं वाचलं. त्याबद्दल तुझे उपकार आहेत, खरंच. पण बाकीचा राग जागच्या जागी आहे.

अण्णांना तू सांगितलंस तसं लिहिलं. व्हार्निशवाल्याचा हात किती सफाईदार, त्याचं दुकान किती स्वच्छ, असं दोन ओळींत ठोकून दिलं. माझ्याच्याने कसं लिहवलं ते माझं मला माहीत. ह्याच्यासाठी मी तुला सहजासहजी सोडणार नाही.

गेले दोन रविवार जुन्या बाजारात घालवले. मागच्या बाजूला, खिडक्यांच्या चौकटी आणि बिनदांडीच्या छत्र्या विकतात तिथे, काठ्यांचा ढीग असतो. अण्णा शिकवायचे ते सगळं हाताला आपोआप आठवलं. काठीचं टोक डोळ्यापाशी धरून लांबवर बघायचं. एकाच बाजूला वाक असला तर चालतो, पीळ पडला असेल तर ठेवून द्यायची. दोरा सुटलेला चालतो, गळाची दोरी ओवायच्या कड्या गेलेल्या चालतात, पण दोऱ्याखालचं लाकूड नखाने दाबून बघायचं, नख रुतलं की ती गेली. आणि आवडलेली काठी हातात जास्त वेळ धरायची नाही. आपण चौकशी करायची शेजारच्या छत्रीची.

आपला गठ्ठा सुटा झालाय. काही बुंधे त्या ढिगात मिळाले. जोडावर अण्णांच्या कानशीची तिरकी रेघ आहे, ती मी झोपेतही ओळखेन. एक पडदे विकणाऱ्या बाईकडे सापडला, ती त्याला पडदा लावून बसली होती. तिने आधी मला वेड्यात काढलं, मग माझा चेहरा बघून काढून दिला. एक, काळा दोरा गुंडाळलेला, जरा वेगळा वाटतो पण घेऊन ठेवलाय. तू मापं पाठव शेंड्यांची, अण्णा झोपले की घे, म्हणजे मी ताडून बघेन.

पण आपली लांब काठी नाही मिळाली. जिच्यावर अण्णांनी मला शिकवलं ती. बुचाच्या मुठीवर माझ्या दुधाच्या दातांचे वळ आहेत, आठवतं? मासा लागत नव्हता म्हणून मी चावले होते. ढीग दोनदा उपसला. चावलेली मूठ कुठेच नाही. दुकानदार म्हणाला की लांब बुंधा कोणीतरी वेलाला आधार म्हणून नेला. वेलाला! तिथेच माझा आवाज इतका चढला की छत्रीवाला मध्ये पडला.

सगळं पार्सलने पाठवते. अण्णा वाकायच्या आत पोचायला हवं.

तोवर सांभाळून राहा, आणि मापं घेण्यापलीकडे दाराआडच्या पिशवीला हात लावू नकोस.
चिंगी


२ मार्च

चि. चिंगी हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं आलंय, चष्मा अजून मिळायचा आहे. हे पत्र दादाच टपालात टाकणार. पाकीट मुद्दाम उघडं ठेवलंय, त्याला वाचू दे. दोघांना वेगवेगळं रागावण्याइतकी ताकद माझ्यात नाही.

मला पहिल्या दुपारपासून माहीत आहे. दवाखान्यातून येऊन पलंगावर बसलो आणि सवयीने पाय मागे घेतले. रोज उठताना टाचेला बुंधे लागतात, त्या दिवशी फरशी लागली. डोळ्याला पट्टी होती, टाचेला नव्हती. मग दादाला विचारलं. तो म्हणाला व्हार्निशला दिल्यात. मी उभ्या जन्मात एक तरी काठी दुसऱ्याकडे व्हार्निशला दिलीय? माझ्या घरात राहून त्याला थाप मारायला हीच सुचावी?

तरी मी बरं म्हणालो. म्हटलं, बिचारा घाबरलाय, उद्या सांगेल. उद्या नाही, परवा नाही. मग तुझं पत्र आलं. म्हटलं, चला, चिंगी खरं लिहील. सूनबाईने वाचून दाखवलं आणि त्यात व्हार्निशवाल्याचं स्वच्छ दुकान. चिंगे, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. काठ्या गेल्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं. तुम्ही दोघांनी मिळून मला लहान पोरासारखं गप्प बसवलंत. डोळा माझा एक गेला होता, डोकं नव्हतं गेलं.

मग सूनबाईला सरळ विचारलं. तिने तुझी दादाला आलेली सगळी पत्रं आणून वाचून दाखवली आणि सौदा कितीला झाला तेही सांगितलं. घरात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस उरलंय. तिला कोणी बोललात तर माझ्याशी गाठ आहे.

विकल्याचा राग चार दिवसांत ओसरला असता. नातीला टेबल हवं होतं, मला सांगायचं, मी स्वतः जागा केली असती. पण दादाने दिल्या त्या जळणाच्या भावात. मी एकेका काठीसाठी तासन् तास घासाघीस केलीय आणि माझ्या मुलाने सामानवाल्याला पहिल्या बोलीला होकार दिला. बाजारात हे कळलं तर मला तिथे उभं राहायला तोंड नाही.

आता तुझं. काळ्या दोऱ्याचा बुंधा माझा नाही. काळा दोरा खालचं कुजकं लाकूड झाकायला वापरतात, इतकं शिकवूनही फसलीस. परत कर. बाकीचे वर्णनावरून माझे वाटतात, पण हाताला लागल्याशिवाय मी काही मान्य करणार नाही.

आणि पार्सल करायचं नाही. टपालवाले टाकतात कसे ते मला माहीत आहे. स्वतः घेऊन ये. दोन दिवसांसाठी नको. जोड तपासायला वेळ लागतो, आणि तुला काय बोलायचं ते पत्रात नको, समोर बसून बोल. दादालाही तेच.

काळजी असू द्यावी, थापा नसाव्यात.
अण्णा


२९ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. दहा दिवस तू इथे होतीस तर घर लहान वाटलं नाही, गेल्यावर उगाच मोठं वाटतंय. पंख्याला तेल घातलं. तू सांगायच्या आधी घातलं होतं, पण तू सांगितलंसच.

तू गेल्यावर राहिलेले दोन जोडही बसले. अण्णा शेंडा बुंध्यात घालतात, ओढून काढतात, बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज आला की मान हलवतात. नाही आला तर माझ्याकडे बघतात. मी काय केलंय त्यात? पण बघतात. बुंधे आता कपाटावर ठेवतो. टेबल आहे तिथेच आहे, पोरगी अभ्यास करते आणि अण्णा तिच्या शेजारी बसून दोरा गुंडाळतात. व्हार्निशचा वास आहेच.

लांब काठीचा शेंडा तसाच उरला होता. मी म्हटलं जाऊ दे, आता त्याचा काय उपयोग. दुसऱ्या दिवशी अण्णांनी एक कोरा बांबू आणला आणि त्या शेंड्यासाठी नवा बुंधा करायला घेतला. बुचाची मूठही करणार आहेत. तुझ्या वहिनीला म्हणाले की मूठ झाली की चिंगीकडे पाठवायची, तिने चावायची राहिलीय. हे तिला म्हणाले, मला नाही. तू होतीस तोवर तुझ्यासाठी म्हणून तरी माझ्याशी चार शब्द बोलायचे, तू गेलीस आणि तेही बंद झाले.

सगळा राग माझ्या वाट्याला ठेवलाय असं दिसतं. तुझ्याशी भांडून मोकळे झाले, माझ्याशी भांडतही नाहीत. मी चहा ठेवला की पितात, थेंब घालतो तेव्हा डोळा उघडतात, बस. खरं सांगतो, त्यांनी चार लोकांत मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. हा अबोला नको झालाय. माझाही जीव चिडतो. वाटतं, ओरडून विचारावं, इतकं काय केलं मी.

नवी नळी घासायला मात्र त्यांना दुसरा हात लागतो, आणि संध्याकाळी घरात दुसरा हात माझाच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काठी धरायला दिली. मी बांबू घट्ट धरून बसतो, ते कानस चालवतात. तेवढ्यापुरतं बोलतात, दोनच शब्द. धर, आणि सोड. रोज तेवढंच.

काल मी जरा जास्तच दाबून धरला आणि नवी पितळी नळी चेपली. अण्णांनी कानस खाली ठेवली, चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “गाढवा.”

चिंगे, फार बरं वाटलं गं.

नळी पुन्हा करतोय. लोभ दाराआडून काढ आता, आणि इकडे पाठव.
दादा