पुढच्या काचेतली लहर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

काच फुटली! किसन म्हणतो, "ताई, आपोआप गेली." सदतीस वर्षं आमच्या फियाटवर होती, तिच्यावर ओरखडा नव्हता. रबर काढताना ती आपोआप जाते! रबर कडक झालं होतं म्हणे. मग ब्लेडने कापायचं, उपटायचं नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं. एकदा लिहूनही दिलं होतं.

किसन पालेगावचा. जिथे त्याच्या बापाचं भात पिकायचं तिथे आता सात मजले उभे आहेत आणि खालच्या गाळ्यात ह्याचं गॅरेज. हात चांगला आहे. तोंड त्याहून चांगलं.

पत्रा झाला, रंग झाला, इंजिन सुरू होतं. आता अडलंय पुढच्या काचेवर. आणि तारीख ठरलेली — ३०, रविवार, ह्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. बारवी धरणावर जायचं. मी चालवायची, ह्यांनी डावीकडे थर्मास मांडीवर धरून बसायचं. अठ्ठ्याऐंशी साली गाडी घेतली त्या रविवारी गेलो होतो, अगदी तसंच. ह्यांनी जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्यांना बसायला आवडतं.

राजरत्नचा फोन. "आई, सत्तरीत कशाला हा हट्ट? मी चालवतो ना!" मी म्हटलं, माझं लायसन्स चालू आहे, आणि तुला गिअर बदलताना मान खाली घालायची सवय आहे. ठेवला फोन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उल्हासनगरला मुकेशच्या काचेच्या दुकानात. आत पाय ठेवताच — "आइए सर, बैठिए सर!" सर म्हणजे हे. ह्यांना खुर्ची, ह्यांना पाणी, ह्यांना विचारणा, "सर, टफन चाहिए के लॅमिनेटेड?" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मुकेशनेही मग नाइलाजाने बघितलं.

लॅमिनेटेड, मी म्हटलं. टफन फुटली की खडीसाखर होते. लॅमिनेटेडला मध्ये पडदा असतो, फुटली तरी जागेवर राहते. बी.एस्सी. फिजिक्स आहे, शहाऐंशी टक्के — शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण मी बोलले.

काच आली. "मक्खन पीस है, मॅडम." मक्खन! मी दोघांना ती उभी धरायला लावली. समोरच्या दुकानाचं शटर बंद होतं, त्याच्या आडव्या पट्ट्या काचेतून बघायच्या. काचेच्या कंपनीत तपासणीवर एकतीस वर्षं हेच केलं. डावा डोळा मिटायचा, उजव्याने बघायचं. दोन डोळ्यांनी बघणारा माणूस फसतो, आमचे सुपरवायझर म्हणायचे.

पट्ट्या मधोमध वाकल्या. चक्क पोट आल्यासारख्या! लहर आहे, म्हटलं. रिजेक्ट.

"कहाँ है, मॅडम?" मुकेशने बघितलं. पोऱ्याने बघितलं. मग शेजारचा टायरवाला, पलीकडचा सीटकव्हरवाला. सहा पुरुष एक एक डोळा मिटून शटरकडे बघत रस्त्यात उभे! शेवटी टायरवाला म्हणाला, "हाँ, है थोड़ी." मग एकेक करून सगळ्यांना दिसली.

फक्त हे म्हणाले, "मला तर सरळ दिसतंय."

तुम्हाला काय, तुम्हाला सगळंच सरळ दिसतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर काचेचा फोटो टाकला. एकशे बारा माणसं, त्यात बाई मी एकटी. लगेच चर्चा. एकाने फोटोत लहर कुठे आहे तिथे लाल गोल काढून पाठवला. दुसऱ्याने दुसरीकडे काढला. दोघांचं भांडण. तिसरा म्हणाला, हल्लीच्या वाळूतच दम नाही. चौथ्याने सुप्रभातचं फूल.

फोटोत लहर दिसायचं कारणच नाही. फोटो मी काचेचा काढला होता, काचेतून नव्हे. पण मत माझ्या बाजूचं असेल तर कशाला दुरुस्त करा?

१० नोव्हेंबर, सोमवार

हॉलमधली बाबासाहेबांची तसबीर भेटायला आलेल्या प्रीतीने पुसून परत लावली — वाकडी. सून चांगली आहे, पण नजर नाही. मी सरळ केली. तिने परत होती तशी केली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुकेशने दिल्लीहून दुसरी काच मागवली. आज मात्र मला खुर्ची! "आइए मॅडम. सर, आप उधर बैठिए." एकतीस वर्षं नोकरी करून जे जमलं नाही ते एका रिजेक्शनने जमलं.

काच उभी केली. डावा मिटला. शटर वाकलं. त्याच जागी, मधोमध!

मुकेशने डोक्याला हात लावला. "मॅडम, इस माल से आजतक एक भी कंप्लेंट नहीं." अहो, कंप्लेंट करायला आधी बघावं लागतं! लोक काय, काच लागली की अगरबत्ती फिरवतात आणि निघतात. टायरवाला आज बोलवायच्या आधीच आपल्या दारात आला आणि लांबूनच म्हणाला, "है, है, लहर है." त्याला दुकान उघडं टाकून यायचं नव्हतं बहुतेक.

येताना रिक्षात हे म्हणाले, "भागीरथी, तू दोन्ही डोळ्यांनी एकदा बघ ना."

मी म्हटलं, तुम्ही अकाउंट्समध्ये होता. तुम्ही आकडे बघा.

१५ नोव्हेंबर, शनिवार

थंडी पडली. चटणी केली तिळाची. काच नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ग्रुपवरचे धर्मराज म्हणून आहेत, बदलापूरला राहतात. त्यांच्या मोठ्या भावाची फियाट भंगारात गेली, काच तेवढी गादीत गुंडाळून ठेवलेली. "ताई, बहात्तरची आहे. तेव्हाचं काम ते काम!" गेलो. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, पलंगाखाली काच. पलंगावर त्यांच्या सासूबाई. त्यांना उठवून, पलंग सरकवून काच काढली. पुरुषांना आपलं भंगार कुठे ठेवावं ह्याची अक्कल नसते.

गॅलरीच्या ग्रिलसमोर उभी धरली. डावा मिटला.

मधोमध. तशीच!

बहात्तरची काच, दिल्लीची काच, उल्हासनगरची काच — तिघींना एकाच जागी एकच खोड? ह्याचा अर्थ एकच. साचाच पहिल्यापासून चुकीचा. पन्नास वर्षं लोक वाकडा रस्ता बघत गाड्या चालवताहेत आणि कुणाला पत्ता नाही!

धर्मराज म्हणाले, "हो ताई, मलाही कायम वाटायचं." त्यांनी ती गादीतून आजच पहिल्यांदा काढली होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तक्रारीचं पत्र लिहिलं. मानकांचं काम बघणाऱ्या खात्याला. तीन पानं, आकृतीसह. पट्टी न घेता रेघा ओढल्या, तरी सरळ आल्या — हात अजून पक्का आहे. पोस्टात टाकायला ह्यांना दिलं. ह्यांनी पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "उद्या टाकतो."

राजरत्न परत फोनवर. "आई, काच मिळत नाही म्हणजे निसर्गाचीच इच्छा नाही." निसर्ग काय आर.टी.ओ.त बसतो?

२० नोव्हेंबर, गुरुवार

दहा दिवस उरले. बहात्तरचीच बसवायची ठरवली. लहर तर लहर. मला माहीत आहे ती कुठे आहे, तेवढं सांभाळून चालवेन. बाकीच्या जगाला तर माहीतही नाही.

किसनला फोनवर काच टेम्पोने आणायला सांगितली आणि बजावलं: रबर आधी काचेला चढव, खाचेत सुतळी घाल, मग बाहेरून एकाने दाबायचं आणि आतून सुतळी ओढत न्यायची. घाई नाही. "व्हय ताई. लिवून देऊ नका, कलला."

त्यालाही विचारलं, फियाटच्या काचेत तुला कधी लहर दिसली का? "हाय ना ताई, तुमी म्हन्ता म्हन्जे आसंलच."

ह्यांनी वाढदिवसाला घालायचा शर्ट इस्त्रीला दिला. पत्र अजून टेबलावर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गॅरेजला गेले. गाडी उभी, नवं काळं रबर बॉनेटवर. ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सीट पुढे ओढली. सवयीने डावा डोळा मिटला आणि समोरच्या गेटकडे बघितलं. सळ्या मधोमध वाकलेल्या.

"बघ किसन! बसवल्यावरसुद्धा आहेच!"

किसन फडक्याने हात पुसत होता. "ताई," तो म्हणाला, "काच आजून टेम्पोत हाय."

मी हात पुढे केला. हात बाहेर गेला.

मग उजवा मिटला. सळ्या सरळ. डावा मिटला. वाकड्या. चार वेळा केलं. किसनने गेटच्या सळ्यांवरून हात फिरवून बघितला.

घरी आले. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "चहा टाकतो." टेबलावरचं पत्र उचलून त्यांनी खिशात ठेवलं. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, नंबर लावला.

आत्ता ही वही. डावा मिटला की ही ओळ मध्येच खड्ड्यात उतरते.

राजरत्नला फोन केला. तीस तारखेला गाडी चालवशील का विचारलं. तो घाबरला. म्हणाला, "आई, काय झालं?" काही नाही, म्हटलं. गिअर टाकताना मान खाली घालू नकोस.

मागे बसू दोघं. थर्मास मी धरेन.