बाबांचा खुबा आणि सतरा इंच

३ मार्च, सोमवार
गाडीचे चारही टायर गुळगुळीत. टायरवाला म्हणाला, हे अजून चालतायत हीच देवाची कृपा. निर्णय घेतला: नुसते टायर नाही, चाकंसुद्धा बदलायची. अलॉय! सेहेचाळीस वर्षांच्या माणसानं एकदा तरी स्वतःसाठी काहीतरी करावं. ही म्हणाली, मग आधी केस कापून ये. मुद्दा भरकटवण्यात हिचा हात कुणी धरणार नाही.

शिवाय निकड आहे. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. सोम-बुध-शुक्र सकाळी साडेआठला त्यांना व्यायामवाल्या बाईंकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, नेतो. डॉक्टरांनी बजावलंय की व्यायामात चालढकल केली तर हातातली काठी जन्माची. २ एप्रिलला तपासणी. तोवर बाबांना सुखरूप ने-आण करायची. जबाबदारी संपूर्ण माझी.

४ मार्च
इंटरनेटवर साडेतीन तास अभ्यास. ऑफिसच्या वेळेत, पण लंच धरून. सध्याचं माप १६५/८०, रिम चौदा इंच. पहिला आकडा टायरची रुंदी. शेवटचा रिमचा. मधला कशाचा ते कुणी सरळ सांगत नाही. फार महत्त्वाचा नसावा.

५ मार्च, बुधवार
बाबांना बाईंकडे सोडून टायरवाल्याकडे. त्याचं मत: पंधरा इंच, १८५/६५. चाकाचा एकूण घेर होता तेवढाच राहतो, खड्ड्यात मार रबर खातं, रिम वाचते, कुठे घासत नाही. रोजची गाडी आहे साहेब, असं दोनदा म्हणाला. ते 'रोजची' मला लागलं. मग मधल्या आकड्यावर घसरला. म्हणे ते टक्के असतात, रुंदीच्या किती टक्के रबराची उंची. मी म्हटलं, माहीत आहे. माहीत होतंच. फक्त या शब्दांत नव्हतं.

बाबांचंही तेच, मूळ मापाच्या आसपास राहा. बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. पण बस वेगळी. बसला कोण वळून बघतं?

९ मार्च, रविवार
मेहुणा जेवायला. त्याच्या गाडीला अठरा इंच. माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, दाजी, ही ऑफिसच्या खुर्चीची चाकं काढून लावलीत का? सगळे हसले. ही जरा जास्तच.

सतरा. विषय संपला.

११ मार्च, मंगळवार
बसवली! सतरा इंच, २१५/५०, काळी कुळकुळीत. रस्त्यावरच दृष्ट काढावीशी वाटते. टायरवाल्यानं एका कागदावर 'ग्राहकाच्या आग्रहावरून' असं लिहून माझी सही घेतली. झोकात केली. जुनी चाकं त्यालाच देऊन टाकली. माघारीचा विचारच नको.

जाता जाता म्हणाला, घेर वाढलाय, चाक बाहेरही आलंय, स्टीअरिंग एकदा पूर्ण वळवून बघा. मी म्हटलं, रोज पूर्ण कोण वळवतं?

मेहुण्याला सात फोटो पाठवले. त्यानं अंगठा पाठवला. एक.

१२ मार्च, बुधवार
बाबांना घेऊन पहिली फेरी. स्पीडब्रेकरवर मागून खर्रर्र. नीट तपासलं. मागे माणूस बसला की मागचं चाक घासतं, एरवी नाही. म्हणजे दोष चाकाचा नसून वजनाचा आहे. पण बाबा जेमतेम साठ किलो. गूढ आहे.

गाडी थोडी कडक झालीय. बाबा एका हातानं दारावरची मूठ आणि दुसऱ्यानं खुबा धरून बसले होते. कशी वाटते, विचारलं. म्हणाले, मजबूत आहे. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाची दाद! दिवसभर छाती फुगलेली.

१४ मार्च, शुक्रवार
बाबा म्हणाले, आज नको. बरं वाटतंय, घरीच करतो व्यायाम. डॉक्टरांची आठवण करून दिली. ऐकेनात. हिनं माझा डबा वेळेआधी भरून हातात ठेवला, कधी नव्हे ते. बाईंना फोन करून विचारायला हवं, घरचा व्यायाम चालेल का. उद्या करतो.

१७ मार्च, सोमवार
आजही नको म्हणाले. ऑफिसला जाताना बघितलं, तर बाबा बूट पुसत बसले होते. म्हातारपणी माणसाला असले छंद लागतात. बाईंना फोन राहिला.

१९ मार्च, बुधवार
स्टीअरिंग पाऊणच्या पुढे वळवलं की चाक मडगार्डला धरतं. उपाय सापडला: पाऊणच्या पुढे वळवायचंच नाही. यू-टर्न रद्द, अरुंद कोपऱ्यावरची वळणं रद्द. ऑफिसला पंचवीस मिनिटांऐवजी पन्नास लागतात, पण नवे नवे भाग बघायला मिळतात. आज एका बोळात शिरलो तर समोर भिंत. वळायला जागा भरपूर, फक्त माझ्या गाडीला नाही. अख्खा बोळ रिव्हर्स. एक आजोबा मागे मागे चालत येऊ द्या, येऊ द्या करत होते. शेवटी तेच दमले आणि येऊ नका म्हणाले.

२१ मार्च, शुक्रवार
बाबा आजही घरी. बाईंना फोन लावला. एंगेज. आपण प्रयत्न केला.

२४ मार्च
डायरीत लिहायला हरकत नाही. सकाळी किल्ली हातात घेतो आणि दोनदा परत खुंटीला अडकवतो. कुठे अडकू, कुठे वळता येणार नाही, हाच जप. काल दूध आणायला गेलो आणि तीन किलोमीटर लांबून आलो. दूध कोपऱ्यावर मिळतं.

टायरवाल्याकडे सहज चक्कर टाकली. माझी जुनी चाकं विकून मोकळा झालाय. वापरलेले टायर परत घेत नाही म्हणाला आणि तो सहीचा कागद दाखवला. पंधरा इंची घालायची म्हटली तर ती नव्यानं घ्यावी लागतील आणि घरी सांगावं लागेल. मेहुण्याला फोटो गेलेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हिला सांगितलं, एकदम झकास चाललीय.

२८ मार्च, शुक्रवार
बाबांचे सहा की सात दिवस चुकले. झोप नाही. काठी जन्माची राहिली तर कुणामुळे, हे डॉक्टर विचारतीलच. विचारलं तर काय सांगायचं त्याची तयारी केली: पेशंट ऐकत नव्हता.

१ एप्रिल, मंगळवार
सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस. रस्त्याचं डांबरीकरण, सगळ्या गाड्या तळघरातल्या पार्किंगमध्ये घ्या. चाकं बसवल्यापासून मी गाडी बाहेरच ठेवत होतो, हवेशीर म्हणून. तळघराच्या रॅम्पला मध्येच काटकोनात वळण आहे. संध्याकाळी उतरवली. नऊ वेळा पुढे-मागे. पण उतरली! उद्या चढतानाही नऊच लागतील. बाबांची डॉक्टरांकडे साडेनऊची वेळ. आठला निघतो.

२ एप्रिल, बुधवार, सकाळी ८.४०, गाडीत
रॅम्पच्या वळणावर आहे. पुढचं चाक आतल्या प्लास्टिकमध्ये रुतलंय. स्टीअरिंग हलत नाही. उजवीकडे भिंत, डावीकडे खांब. दोन्ही दारं चार बोटं उघडतात. परिस्थिती नियंत्रणात.

९.०० गाडीत
मागे चार गाड्या. हॉर्न. सेक्रेटरी येऊन गेले. त्यांची भाषा इथे लिहीत नाही.

९.१० गाडीत
बाबा रॅम्पवरून खाली आले. पुढच्या काचेपाशी उभे राहून म्हणाले, डावीकडे पूर्ण मार. मी म्हटलं, पूर्ण वळत नाही. कधीपासून, विचारलं. पहिल्या दिवसापासून, म्हटलं. बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ही वरून ओरडली की टॅक्सी आलीय. बाबा वर निघून गेले.

जाताना बघितलं. हातात काठी नव्हती.

१०.१५ गाडीत
टायरवाला आला. म्हणाला, डिकी उघडतो, सीटवरून मागे सरका आणि बाहेर या. मी म्हटलं, थांबू या जरा, काहीतरी मार्ग निघेल. म्हणाला, हाच मार्ग आहे साहेब.

१०.४० 
डिकीतून बाहेर. आधी डोकं. चौघांनी ओढलं. सेक्रेटरींनी व्हिडिओ काढला.

संध्याकाळ
डॉक्टर खूश. काठी ठेवून द्या म्हणाले. मांडीत ताकद छान आलीय, जे करताय तेच चालू ठेवा.

काय करताय, ते हिनं सांगितलं. त्या बुधवारच्या फेरीनंतर बाबा दोन रात्री कण्हत होते. शुक्रवारी मी ऑफिसला गेल्यावर हिला म्हणाले, चालतच जाऊ. बागेतून गेलं तर बाईंचा दवाखाना बारा मिनिटांवर आहे. पहिले दोन-तीन दिवस ही बरोबर गेली, मग ते एकटेच. एकही दिवस चुकवला नाही. मला सांगायचं नाही अशी हिला ताकीद. म्हणे, त्यानं हौसेनं केलेलं आजवर काही धड झालेलं नाही, एवढं तरी होऊ दे.

म्हणजे एका अर्थी माझ्या चाकांमुळेच बाबा चालायला लागले, असं लिहिलं होतं. खोडलं. लाज वाटली. खूप वाटली.

३ एप्रिल, गुरुवार
टायरवाल्यानं चाकं काढून, तात्पुरती लहान चाकं लावून गाडी सोडवली आणि ती परत नेली. पंधरा इंच, १८५/६५ सांगितलेत. येईपर्यंत गाडी विटांवर. हिला सगळं खरं सांगितलं. तिला सगळं माहीत होतं.

बाबांना म्हटलं, उद्या मी येतो तुमच्याबरोबर चालत. बाबा म्हणाले, ये की. मग माझ्या पोटाकडे बघून विचारलं, तुला झेपेल ना?

४ एप्रिल, शुक्रवार
निघालो. बाबा पुढे, मी मागे. बागेत एकदा बसलो. थोडं चाललो, परत बसलो. बाबा घड्याळ बघत म्हणाले, तू बस इथेच निवांत, परत येताना घेतो तुला.