हा अर्धा आला कुठून?

प्रिय ठकूबाई,

घरात फरशीवर खडूच्या रेघा कसल्या, असं तू विचारलंस आणि मी विषय बदलला. आज सगळं सांगते.

निवृत्त झाल्यापासून तुझे बाबा कसे झाले होते, हे मी तुला कधी कळू दिलं नाही. जन्मभर वर्गात गणित शिकवून घसा बसवलेला माणूस घरी आला आणि गप्पच झाला. चहा हवा का, तर ‘हं’. नको का, तरी ‘हं’. चार महिने मी एका ‘हं’शी संसार केला.

मग आमच्या डेपोत ब्रेक तपासणाऱ्याची जागा निघाली. बावीस वर्षं बस चालवल्यावर वाटलं, आपणही परीक्षेला बसून बघू. पुस्तकात एकसमान त्वरणाची तीन समीकरणं होती. भांडी घासता घासता पाठ करत होते, “अंतर बरोबर यू टी अधिक एक छेद दोन ए टी वर्ग.” खिडकीतल्या खुर्चीतून आवाज आला, “हा अर्धा आला कुठून?” मी म्हटलं, “पुस्तकातून.” झालं! माणूस ताडकन उठला.

तेव्हापासून माझी सुटका नाही. आयतं सूत्र द्यायचंच नाही, सगळं मुळापासून. “वेग क्षणाक्षणाला बदलतोय ना? मग प्रवासाचे इतके बारीक तुकडे कर, की एका तुकड्यात त्याला बदलायला सवडच मिळू नये. प्रत्येक तुकड्याचं अंतर काढ, बेरीज कर. यालाच संकलन म्हणतात.” हे सांगताना त्यांनी माझी अख्खी काकडी कापून काढली. काकडी संपली, डोक्यात काही शिरलं नाही. मग खडू आला. आडवी रेघ वेळेची, उभी वेगाची, तिरकी वाढत्या वेगाची. तिरक्या रेघेखाली एक चौकोन, त्याच्या डोक्यावर त्रिकोण. चौकोन म्हणजे मुळातल्या वेगानं कापलेलं अंतर, त्रिकोण म्हणजे वाढत्या वेगाची भर. आणि त्रिकोण तेवढ्याच लांबीरुंदीच्या चौकोनाच्या निम्मा! “अहो, हाच की तो अर्धा!” मी अशी किंचाळले, की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली.

मागच्या आठवड्यात तर स्वारी स्टॉपवॉच घेऊन माझ्या बसमध्ये, थेट माझ्या मागच्या सीटवर. प्रत्येक थांब्याला ओरडायचे, “त्वरण एकसमान नाही!” प्रवासी माझ्याकडे संशयानं बघायला लागले. शेवटच्या थांब्याआधी मी मनात मांडलं: वेग सेकंदाला दहा मीटर, पाच सेकंदांत थांबायचं, म्हणजे दर सेकंदाला दोननं कमी करायचा. चौकोनाच्या पन्नासातून त्रिकोणाचे पंचवीस गेले, उरले पंचवीस मीटर. थांब्याच्या पाटीच्या बरोबर तेवढंच अलीकडे एक विजेचा खांब होता. तिथं ब्रेकवर पाय ठेवला आणि दार नेमकं पाटीसमोर आणलं. बाबांनी उतरून पावलांनी अंतर मोजलं आणि भर रस्त्यात खो खो हसत सुटले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच गं. मी उगाच आरसा पुसत बसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परीक्षा मी रजा काढून गुपचूप देऊन आले. परवा निकाल लागला, मी पहिली आले. घरी मात्र परीक्षा पुढे ढकललीय म्हणून सांगितलंय. पास झाले म्हटलं की शिकवणी संपेल, आणि मला हे घर पुन्हा मुकं झालेलं नकोय. तेव्हा फोनवर चुकूनही माझं अभिनंदन करू नकोस. उलट, त्वरणच बदलत असेल तर काय करायचं, यावर वीसेक गणितं लिहून पाठव. चांगली अवघड काढ, सोपी मला आता पटकन सुटतात.

तुझीच, या वयात खोटं बोलायला शिकलेली,
आई