बडबडीचे बारा पंख

सोमवार, ३
माझं सगळं बदललं ते आज सकाळी सव्वादहाला, बाईंनी माझ्या हातात पाना ठेवला तेव्हा. कॉलेज सोडल्यापासून चार महिने घरी बोलणी खात होतो. आता नोकरी आहे! बाई हलती-बोलती शिल्पं करतात. पत्रे, तारा, मोटर आणि आत एका माणसाचा आवाज. आवाज चढेल-उतरेल तसे पत्रे हलतात. वेल्डरकाका म्हणाले, इथे टिकलास तर कान जातील, पण डोकं ताळ्यावर येईल.

बाईंचा नियम एकच. ज्याचा आवाज, त्यानेच पहिल्यांदा यंत्र आपल्या हाताने थांबवायचं. मगच ते बाकीच्यांचं ऐकतं.

गुरुवार, ६
मला स्वतःचं यंत्र करायला मिळालं. पत्र्याचे बारा पंख. आवाज घातला बडबडीचा. तिचं हे नाव मीच ठेवलेलं. तिने मला सोडलं त्या दिवशीचं फोनवरचं भांडण मी चोरून रेकॉर्ड केलं होतं, पूर्ण सात मिनिटं. बाईंना ठोकून दिलं, बहिणीचा आवाज आहे, येऊन थांबवूनही गेली. बाई म्हणाल्या, राजे, बहीण भलतीच तापलेली दिसते!

पंख काय फडफडतात! जणू ती शेजारीच बसलीय. दिवसभर तेच पुन्हा पुन्हा चालू ठेवलं, रात्रीही बंद केलं नाही.

रविवार, ९
रस्त्यात तिचा दादा भेटला. वाटलं, आता कानाखाली बसणार. तर तोच रडवेला. गुरुवारपासून तिचा आवाज गेलाय. डॉक्टर म्हणतात घसा साफ आहे. वहीवर लिहून बोलते. मी म्हणालो, गुळण्या करायला सांग. मला हे बोलवलं तरी कसं?

सोमवार, १०
सात मिनिटं संपली तरी यंत्र बोलतच राहिलं. तिने पाणी मागितलं. दादाला हाक मारली. हे भांडणात नव्हतं.
बटण बंद केलं. वायर उपसली. पंख हलतातच.

मंगळवार, ११
बाईंनी विचारलं, तिने खरंच थांबवलं होतं ना? हो म्हणालो. पुन्हा खोटं. म्हणाल्या, नसेल तर तिला घेऊन ये, पण जोर करू नकोस; आत जे तिचं आहे ते तुटेल.
तिला आणायचं म्हणजे चोरी कबूल करायची. तिच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो. परत आलो.

बुधवार, १२
शब्द संपले. आता नुसता श्वास. पंख वर — खाली —
दादाचा फोन. तिला धाप लागलीय, झोपूनच आहे. सांगणार होतो. जीभ रेटली नाही.

गुरुवार, १३
सकाळपासून तो श्वास. मी फिरेन तिकडे पंख वळतात. थांब म्हणालो. पाया पडलो. मग डोकं फिरलं — हातोडा —
बारापैकी एकही हलत नाही.

दादाचा फोन. तिचा श्वास बंद पडलाय, काय करू रे, मला विचारत होता. मला.

ही वही त्याच्या हातात देणार. आत्ता. बाहेर आलोय. दार ओढून घेतलं. जिना उतरायचा आणि तिच्या घरी —