साडी गार्ड लावलेले विमान

मी, हरिहर वामन पोतनीस, वय चौऱ्याहत्तर, ठाण्याच्या एका कारखान्यातून टूलरूम फोरमन म्हणून निवृत्त, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या सोसायटीत याबद्दल दुमत आहे, पण सोसायटीचा दाखला कायद्याला लागत नाही.

कलम १. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी माझी पत्नी सौ. सरोज हिच्या एकटीच्या. तिच्या पश्चात मुलगा अनिमेष व मुलगी श्रिया यांनी निम्मे निम्मे घ्यावे. यावरून दोघे भांडणार नाहीत. भांडण आहे ते विमानाचे.

कलम २. सदर विमान दोन सीटचे, हलके असून मी नकाशे मागवून स्वतः बांधले आहे. पहिला पंख सोसायटीच्या गच्चीवर केला. तो जिन्यातून उतरेना, कारण मी जिना मोजला होता, जिन्याचे वळण मोजले नव्हते. शेवटी ठाण्याहून बोलावलेल्या टेंभी नाक्याच्या दहीहंडीच्या गोविंदांनी तो दोर लावून खाली घेतला, आणि जमलेल्या मंडळींनी सवयीने त्याच्यावर पाणी उडवले. बाकीचे काम मुरबाडकडे, चांगदेव भोईर यांच्या माळावरच्या शेडमध्ये झाले. चांगदेव रोज विचारायचे, "काका, यो इमान उरल का नुसताच बोंब मारल?" उडाले. परवानगीचे कागद कपाटात आहेत.

अनिमेष म्हणतो, "बाबा, तुमच्यामागे ते शेडमध्ये गंजून जाईल. घोडबंदर रोडला नवीन हॉटेल होतंय, ते लोक लॉबीत छताला टांगायला तयार आहेत. निदान रोज कोणी बघेल तरी." त्याची माया मला कळते. पण ते झुंबर नव्हे. सदर विमान विकू नये, मोडू नये आणि टांगू तर मुळीच नये.

कलम ३. मूळ नकाशात नसलेले बदल मी उजव्या सीटच्या बाजूला केले आहेत, ते कोणीही काढू नयेत. चढायला एक जादा पायरी आहे, कारण सरोजचे गुडघे. पायाच्या पेडलवर लाकडी ठोकळे आहेत, कारण सरोजची उंची. विमान चालवायच्या दांड्याची मूठ म्हणजे तिचे जुने शिसवी लाटणे. ते चिरले तेव्हा ती चिडून म्हणाली होती, "घ्या, हेही लावा तुमच्या विमानाला." लावले. तिच्या हाताला त्याची सवय आहे.

दोन सीटच्या मधून ज्या तारा जातात त्यांत पदर अडकू नये म्हणून जुन्या स्कूटरचा साडी गार्ड कापून बसवला आहे. श्रिया हसली. "बाबा, आई ड्रेस घालून बसेल की." श्रियाला तिची आई अजून कळायची आहे.

आत एक हुकही आहे, लिंबू-मिरचीचा. पहिल्या दिवशी सरोजने ती पुढच्या पंख्यालाच बांधली. इंजिन सुरू झाले आणि लिंबू माझा मित्र प्रभाकर गुप्ते याच्या कपाळावर बसले. तेव्हापासून लिंबू-मिरची आत असते आणि विमानाच्या वजनात धरलेली आहे. दर शनिवारी बदलताना मोठे लिंबू घेऊ नये.

कलम ४. एवढे करूनही सरोज त्या सीटवर एकदाही बसलेली नाही.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी, इंजिन चालू असताना, घाईत माझ्या तोंडून "जातो" गेले. ती सरळ विमानाच्या वाटेत येऊन उभी राहिली. "अहो, बंद करा ते. आधी खाली उतरा." तिने मला शेडमध्ये नेऊन खुर्चीवर बसवले, पाणी पाजले आणि नव्याने निघायला लावले. चांगदेव, प्रभाकर आणि बघायला आलेले अर्धे गाव उन्हात ताटकळले. मी "येतो" म्हटले, तेव्हा तिने वाट सोडली.

त्यानंतर दर वेळी ती शेडच्या दाराशी तांब्या घेऊन उभी असायची. चल म्हटले की एकच उत्तर. "दोघंही वर गेलो तर येतो म्हणायचं कोणाला? खाली कोणीतरी हवं ना." मी दर वेळी सुखरूप आलो ते माझ्या इंजिनामुळे, असे मी समजत होतो. आता तेवढी खात्री नाही.

छातीत स्टेंट बसल्यापासून मला विमान चालवायला बंदी आहे. म्हणजे तिला मी वर नेणे आता या जन्मी नाही. हे मला फार लागते. तोंडाने सांगितले असते तर तिने चहा टाकून विषय बदलला असता, म्हणून इथे लिहिले.

कलम ५. विमान संपूर्ण मालकीने सरोजचे. डावी, म्हणजे चालवणाऱ्याची, सीट श्रियाची, तिच्याकडे विमानाचे लायसन्स आहे. माझी सगळी हत्यारे अनिमेषला. त्याला अजून पाना धरता येत नाही, चांगदेव शिकवतील. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून प्रभाकरला मुद्दाम साक्षीदार केले आहे.

कलम ६. माझे दिवस झाल्यावर, पहिल्या चांगल्या हवेच्या सकाळी, माझा फोटो शेडच्या दाराशी, सरोज उभी राहायची तिथेच, माळाकडे तोंड करून ठेवावा. हार नको. शेजारी तांब्या भरून ठेवावा. मग सरोजने उजव्या सीटवर बसावे. पट्टा श्रियाने लावून द्यावा.

सरोज, खाली कोणी नाही ही सबब आता चालायची नाही. मी आहे. चढण्याआधी माझ्याकडे बघून फक्त "येते" म्हण.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

हरिहर वामन पोतनीस (सही)

साक्षीदार:
१. प्रभाकर गुप्ते, कल्याण (सही; लिंबाबद्दल तक्रार कायम)
२. डॉ. अंतरा सबनीस, डोंबिवली (सही)

ठिकाण: डोंबिवली
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४